गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीस

प्रिय दुसऱ्या बॅटरी,

टपावरच्या सौर पॅनलचे फोटो लोक हौसेनं काढतात आणि फ्रिजमधल्या गार ताकाचं कौतुक करतात. तू सीटखाली नाहीतर डिकीच्या कोपऱ्यात असतेस, तुझी आठवण कुणाला होत नाही. पण सूर्य मावळला की पॅनलचं काम संपतं. बोर्डीच्या किनाऱ्यावर तंबू ठोकलेल्या कुटुंबाचं दूध आणि मासळी सकाळपर्यंत टिकते, ती तुझ्या जोरावर. म्हणून हे पत्र तुला.

गाडीची मूळ बॅटरी सेल्फ मारण्यापुरती असते. क्षणभर भरमसाट करंट द्यायचा आणि इंजिन सुरू झालं की आल्टरनेटरकडून तो भरून घ्यायचा, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवला तर सकाळी ती बसलेली असते आणि असं चारदा झालं की तिच्या प्लेटा कायमच्या निकामी होतात. तलासरीच्या आतल्या एखाद्या पाड्यावर गाडी अशी अडली तर दिवस गेलाच. तू हळूहळू रिकामी होण्यासाठी आणि पुन्हा भरून घेण्यासाठी घडवलेली आहेस. शिसे-आम्लाच्या जातीतली असलीस, तर तुझा निम्माच साठा वापरावा. लिथियम आयर्न फॉस्फेटची असलीस तर ऐंशी टक्के बिनधास्त. हे रसायन बॅटरीसाठी पहिल्यांदा मांडलं ते पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ या तिघांनी, १९९७ साली, टेक्सासमध्ये. १०० ॲम्पिअर-तासांची शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते, लिथियमची बारा-तेरा किलोत बसते. गाडीत या फरकाला मोल आहे.

हिशेब मात्र चोख करावा लागतो. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॉट ओढतो. मे महिन्यात डहाणूच्या दमट उकाड्यात तो निम्मा वेळ तरी चालूच राहतो, म्हणजे दिवसाला सुमारे ५४० वॉट-तास. १०० वॉटचं पॅनल टपावर आडवं बसवलं तर स्वच्छ उन्हात जेमतेम ४०० वॉट-तास देतं. राहिलेली तूट रोज तुझ्यातून जाते आणि काही दिवसांनी फ्रिज बंद पडला की दोष तुला मिळतो. २०० वॉटचं पॅनल आणि १०० ॲम्पिअर-तासांची लिथियमची तू, ही जोडी इथं शोभते.

त्यात एक पेच आहे. पॅनलला ऊन हवं आणि फ्रिजला सावली. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाडीत किंवा बोर्डीच्या सुरूच्या बनात गाडी लावली की फ्रिजला बरं वाटतं, पण पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी करंट निम्म्यावर येऊ शकतो. गाडी उन्हात उभी केली तर आतला पारा चढतो आणि फ्रिज दुप्पट राबतो. माझं मत स्पष्ट आहे: टपावरच्या पॅनलपेक्षा घडीचं पॅनल आणि लांब, जाड वायर बरी. गाडी सावलीत, पॅनल वाळूवर उन्हात.

जून ते सप्टेंबर पॅनलचा भरवसा धरू नये. ढगाळ दिवसांत चौथा हिस्साही हाती येत नाही. तेव्हा तुला इंजिन पोसतं. दहिसरहून तलासरीला महामार्गानं यायला दोन तास तरी लागतात. आल्टरनेटर आणि तुझ्यामधे २० ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर असला तर तेवढ्यात ४० ॲम्पिअर-तास जमा होतात, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची गरज. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटर व्होल्टेज स्वतःहून खाली आणतो, त्यामुळे दोन बॅटऱ्या नुसत्या रिलेनं जोडण्याची जुनी रीत तिथं पुरत नाही.

तुझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणाऱ्यांनाही काही सांगायला हवं. एक किलो बर्फ वितळताना साधारण ९३ वॉट-तास उष्णता शोषतो. तुझा अख्खा साठा खर्च झाला तरी ढोबळ मानानं पंधरा किलो बर्फाइतका गारवा निघेल. डहाणूच्या बंदरावरून पापलेट-बोंबील नेणाऱ्या टेम्पोला बर्फाच्या लाद्याच लागतात, आणि तेच योग्य आहे. लशींच्या बाबतीत तर धोकाच आहे. हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारखी लस एकदा गोठली की तिचा गुण जातो, आणि सहलीच्या फ्रिजमध्ये तळाशी किंवा भिंतीलगत बर्फ धरू शकतो. आरोग्य केंद्रांची शीतसाखळी वेगळ्या उपकरणांवर चालते, तिथं असला फ्रिज नकोच.

इन्सुलिन घेणाऱ्या ट्रकचालकासाठी मात्र तू मोठी सोय आहेस. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. फ्रिज पाच अंशांवर लावून आत साधा थर्मामीटर ठेवला, कुपी भिंतीपासून दूर ठेवली, तर मुंबई-अहमदाबादच्या खेपांत औषध सुरक्षित राहतं. गार पाण्याच्या बाटल्यांपेक्षा या कामासाठी तुझ्यावर पैसे खर्च होताना पाहायला मला जास्त आवडेल.

महामार्गावर वायरिंग करून देणाऱ्या कारागिरांना कळकळीची विनंती: बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत योग्य क्षमतेचा फ्यूज घाला, वायर जाड वापरा आणि लिथियमची बॅटरी बॉनेटखालच्या उष्णतेत बसवू नका. फ्यूज नसलेली वायर पत्र्याला घासली की गाडी पेटते. आणि फ्रिज घ्यायला निघालेल्यांनो, आधी दिवसाचे वॉट-तास कागदावर मांडा, मग बॅटरी निवडा, पॅनल त्यानंतर, आणि उरलेल्या पैशांत बसेल तेवढाच फ्रिज घ्या.

कळावे, लोभ असावा.