माजघरात पोचलेला सोंगाड्या

खान्देशातल्या आमच्या घरांमधल्या बायकांनी तमाशा पहिल्यांदा पाहिला तो दादा कोंडक्यांच्या सिनेमात. हे तेव्हा उघडपणे कुणी बोललं नाही, पण खरं तेच होतं. मुक्ताईनगरची महाशिवरात्रीची यात्रा असो, धुळ्यात पांझरेच्या काठी चैत्रात भरणारी एकवीरादेवीची यात्रा असो, की दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा घोडेबाजार असो. तमाशाचा फड आला की घरातले पुरुष जेवणं उरकून तिकडे निघायचे. बायकांच्या वाट्याला देवाचं दर्शन, पाळणे, गोडी शेव आणि रेवडी. रात्री लांबून ढोलकी ऐकू यायची. मोठी माय, काकू, आत्या ती ऐकत ऐकत अंथरुणं घालायच्या. सोंगाड्यानं काय मजा केली ते सकाळी चहा पिताना आबा सांगायचे, तेही निम्मं गाळून.

१९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं आणि पैसा लावणारे स्वतः दादा. मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लावू देत नव्हते, तेव्हा बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मधे पडले, ही हकिगत आमच्याकडेही मोठी माणसं रंगवून सांगत. पण आमच्या घरांना सिनेमाच्या भांडणापेक्षा सिनेमातलं भांडण जवळचं वाटलं. नाम्या नावाचा भोळा पोरगा दोस्तांच्या नादानं तमाशाला जातो, कलावतीच्या फडात ओढला जातो, आणि त्याची आई त्याला घराबाहेर काढते. तमाशापायी घरात आदळआपट होणं आमच्या गल्लीला नवं नव्हतं. इथे ती पडद्यावर होती, आणि तिच्यावर हसायला बायकांना मुभा होती.

जळगावात नटवर, राजकमल, चित्रा. धुळ्यात स्वस्तिक, मनोहर. शहरातल्यांची थिएटरं ही. खेड्यावरच्यांनी मात्र दादांना पाहिलं ते टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जमिनीवर सतरंजी टाकून. मधे दोरी, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. एकच मशीन असल्यानं रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि त्या अंधारात मघाचा विनोद पुन्हा एकदा सगळ्या तंबूत फिरायचा. आम्ही पोरं दोरीच्या दोन्ही बाजूंना हिंडत असू, म्हणून आम्हाला ठाऊक आहे: पुरुष हसायचे ते दादांच्या बोलण्यावर, गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर आणि तिच्या लोंबत्या नाडीवर. बायकांच्या बाजूचं हसू उसळायचं ते रत्नमालाबाई बोलायला लागल्या की.

रत्नमालाबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण दादांवर लिहिणारे त्यांना एका वाक्यात उरकतात. चाळीसच्या दशकात नायिका म्हणून कामं केलेल्या या बाई उतारवयात दादांच्या ‘आये’ झाल्या. सिनेमामागून सिनेमा दादा त्यांना ‘आये’ अशी हाक मारत राहिले. कंबर खोचून उभं राहणं, जिभेचा पट्टा, आणि मार देऊन झाल्यावर पोरगा जेवला की नाही याची चौकशी. आमच्या मोठ्या मायचं पडद्याकडे बघून ठरलेलं एक वाक्य असे: ‘हाई ते आपलीच माय शे.’ सिनेमातली बोली आमची नव्हती, पुणे-साताऱ्याकडची होती. तरी माय ओळखीची निघाली. घरी परतल्यावर दादांचे संवाद अहिराणीत होऊन आठवडाभर चुलीपुढे चालत. पोरगा उशिरा घरी आला की काकू रत्नमालाबाईंसारखा हात कमरेवर ठेवून दारात उभी राही, आणि आजोबांसकट सगळं घर हसे.

दादा मुंबईच्या गिरणगावातले. सेवादलात बँड, कलापथक, मग १९६५ पासून सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’. त्यातला त्यांचा हवालदार एवढा चालला की शेकड्यांनी प्रयोग झाले. भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’त त्यांना पडद्यावर आणलं. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांचंच. त्यात अशोक सराफ होते आणि राम-लक्ष्मण यांचं संगीत होतं. त्यानंतर आमच्या तालुक्यात नवा हवालदार आला की पोरांनी त्याचं नाव पांडू ठेवलंच म्हणून समजा.

ओळीनं नऊ सिनेमे पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली, याचा आम्हाला अभिमान होता, घरातल्या माणसाचं नाव छापून आल्यासारखा.

ऐंशीच्या दशकात मात्र घर आणि दादा यांच्यात अंतर पडलं. ‘आली अंगावर’ आला १९८२ ला, ‘मुका घ्या मुका’ १९८६ ला. सिनेमाचं नाव वडिलांसमोर उच्चारायची सोय राहिली नाही. व्हिडिओ भाड्यानं आणून अंगणात लावायचे दिवस होते ते; कॅसेट कोणती आणायची यावरून वाद व्हायचा आणि दादांचं नाव निघालं की आत्या उठून आत जायच्या. याच आत्या दादांचा ‘एकटा जीव सदाशिव’ पुन्हा बघायला बैलगाडीनं तालुक्याला गेल्या होत्या. आमचं मत आजही पक्कं आहे: ‘सोंगाड्या’पासून ‘राम राम गंगाराम’पर्यंतचे, म्हणजे १९७१ ते १९७७ चे दादा हे खरे दादा. तिथे दुहेरी अर्थामागे एक माणूस असे, भोळा आणि म्हणूनच मोठ्यांना पेचात पकडणारा. पुढच्या सिनेमांत शब्द राहिले, नाम्या विरळ झाला. दादांवर जीव असल्यामुळेच हे सांगतो.

१४ मार्च १९९८ ला दादा गेले. दुसऱ्या दिवशी पेपर उघडल्यावर ज्या घरांनी दहा-पंधरा वर्षं त्यांचं नाव टाळलं होतं, त्याच घरांत बायकांनी डोळ्यांना पदर लावला. कुणी विचारलंही नाही की का.

२०२१ ला ‘पांडू’ नावाचा सिनेमा आला, दादांची आठवण ठेवून केलेला. भाऊ कदम, कुशल बद्रिके छान आहेत. आमची नातवंडं खूश. मोबाइलवर खान्देशी बोलीतल्या विनोदी फिती बघतही ती लोळतात, आणि आपली बोली पडद्यावर ऐकून आम्हालाही बरं वाटतं. पण ‘सोंगाड्या’ त्यांनी पाहिला आहे तो मोबाइलवरच, फिक्या, खरखरत्या प्रतीत, एकेकट्यानं. तो तसा बघायचा सिनेमा नाही. त्याची एखादी स्वच्छ केलेली प्रत मिळवून कुणीतरी ती जळगावात आणि धुळ्यात मोठ्या पडद्यावर लावावी, यात्रेच्या दिवसांत लावावी, आणि पुढच्या रांगा आमच्या आत्या-काकूंसाठी राखून ठेवाव्यात. त्यातल्या पुष्कळ जणी अजून आहेत. रत्नमालाबाईंचे संवाद त्यांना पाठ आहेत.