नाशिकची माती आणि भाचीची गादी

दिवाळीच्या आधी तीन आठवडे धाकट्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. "दादा, तू एकदा येऊन जा. पोरगी माझं ऐकत नाही."

मामाच्या मनात अशा वेळी काय काय येतं ते सांगायला नको. पण प्रकरण भलतंच निघालं. भाची रोज संध्याकाळी एका क्लासला जात होती, आणि तो क्लास ना जर्मन भाषेचा होता ना केक करण्याचा. तिथे म्हणे माणसं एकमेकांना लोळवतात, हात पिरगाळतात, गळे आवळतात आणि त्यासाठी दर महिन्याला फी भरतात! नाव ब्राझिलियन जिउजित्सू.

"मुलगेसुद्धा असतात रे तिथे," बहीण म्हणाली. "पाडवा झाला की तिला पुण्याला नोकरीवर हजर व्हायचंय. त्याआधी हातपाय मोडून घेतला तर? तिचे बाबा असते तर तुला त्रास दिला नसता."

या शेवटच्या वाक्यावर कुठल्याही भावाजवळ उत्तर नसतं. मी पंचवटी एक्सप्रेस गाठली.

नाशिक माझं जन्मगाव. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पाय आपोआप गोदावरीकडे वळले. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराचं पाणी किती चढलं ते नाशिककर या मारुतीवरून मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्यापर्यंत पोचलं, अशा बातम्या पावसाळ्यात घरोघर जातात. आता पूर ओसरला होता आणि मारुतीराय अंग वाळवत उभे होते. त्यांना पाहिलं की मला तालीम आठवते, आणि तालीम आठवली की थोडं ओशाळं वाटतं.

जुन्या नाशकात पूर्वी तालमींना तोटा नव्हता. दांडेकर-दीक्षित तालीम, रोकडोबा तालीम, गुलालवाडी ही नावं आजही तिथल्या माणसाच्या तोंडी आहेत. मी जात होतो ती आमच्या घराजवळची एक साधी तालीम. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या लाल मातीचा तो वास पन्नास वर्षांनंतरही माझ्या नाकात आहे. वस्तादांनी आठ महिने जोर-बैठका काढून घेतल्या आणि नागपंचमीला मला आखाड्यात उतरवलं. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा वीतभर बुटका. त्याने पट कधी काढला ते मला कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा वर आभाळ दिसत होतं आणि सगळी गल्ली हसत होती. पाठ टेकली म्हणजे चितपट, कुस्ती खलास. घरी आलो, अंगाची माती धुतली आणि पुन्हा त्या तालमीची पायरी चढलो नाही. वडिलांनी कारण विचारलं तेव्हा अभ्यासाचं निमित्त सांगितलं. अभ्यासातही फार दिवे लावले नाहीत, ते सोडा.

संध्याकाळी भाचीबरोबर क्लासला गेलो. गंगापूर रोडच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खोली. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत निळ्या गाद्या, कोपऱ्यात पंखा, दाराशी चपलांची रांग. मारुती कुठे दिसला नाही. त्याऐवजी आत शिरणारा प्रत्येक जण गादीला वाकून नमस्कार करत होता. शिकवणारे सर तिशीतले, बोलायला अगदी मऊ. त्यांनी आधी सगळ्यांची नखं तपासली! एका कॉलेजकुमाराला नखं कापायला परत पाठवलं, तेव्हा माझं मत निम्मं तरी अनुकूल झालं.

पोशाख म्हणजे जाड सुती डगला, तसाच पायजमा आणि कमरेला पट्टा. नवशिक्याचा पट्टा पांढरा, मग निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी काळा. काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहा-दहा वर्षं लागतात. भाचीचा अजून पांढराच आहे.

सुरुवातीला सगळे उताणे पडून कोळंबीसारखे अंग आकसत मागे सरकत गेले. मग जोड्या लागल्या. एकाने उताणं पडायचं, दुसऱ्याने त्याच्यावर चाल करायची. भाचीच्या वाट्याला एक चांगला धिप्पाड मुलगा आला. तो तिच्या अंगावर झेपावला आणि मी खुर्चीवरून अर्धा उठलो. सरांनी नुसत्या हातानेच मला बसायची खूण केली.

भाचीने उताण्यानेच त्याच्या कमरेला पायांचा विळखा घातला होता. तो रेटत होता, ती डगल्याची कॉलर धरून त्याला वाकवत होती. एकाएकी तिची कंबर बाजूला सरकली, एक पाय त्याच्या मानेवरून गेला, आणि त्याचा दंडासकट हात तिच्या मांड्यांमध्ये सापडला. तिने कंबर जरा वर उचलली. लगेच मुलाने दोनदा गादीवर थाप मारली. तिने तत्क्षणी हात सोडला. थाप म्हणजे शरणागती, ती ऐकून जो सोडत नाही त्याला इथे जागा नाही.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "कोपराचा सांधा उलटा किती वाकतो ते ठरलेलं असतं. त्याच्या एका हाताविरुद्ध तिने सगळं अंग लावलं. मग ताकद कोण मोजतो?"

"पण तिची पाठ तर पहिल्यापासून टेकलेलीच होती," मी म्हणालो.

"काका, कुस्ती तिथे संपते. आमचं तिथून सुरू होतं."

पुढच्या पाच मिनिटांत त्याच मुलाने भाचीला दोनदा थाप मारायला लावली. एकदा तिची बाही टर्रकन उसवली. दर वेळी दोघं हात मिळवत आणि पुन्हा बसत. हसत कोणीच नव्हतं. म्हणजे हसत होते, पण आमची गल्ली हसली होती तसं नव्हे. 2020 साली नाशिकतर्फे लढलेल्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली तेव्हा हरलेल्या शैलेश शेळकेला त्याने खांद्यावर उचलून घेतलं होतं. तो फोटो मी कापून ठेवला आहे. का ठेवला ते त्या संध्याकाळी थोडं कळलं.

शेवटी सरांनी विचारलं, "काका, येता?" नाही म्हणणार होतो. भाची बघत होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गादीवर उताणा झालो. सर इतक्या अलगद माझ्या छातीवर टेकले, की जणू गहू भरलेलं पोतं कोणी विचारपूस करून ठेवावं. श्वास अडकला. वर आभाळाऐवजी पंखा होता. "घाई नको, आधी कोपरं जवळ घ्या," सर म्हणाले. घेतली. "आता कोळंबी." अंग कसंबसं चार बोटं सरकलं आणि तेवढ्या फटीतून हवा आत आली! नंतर त्यांनी माझा हात धरला नि मी मोठ्या घाईने थाप मारली. एकदा पुरली असती, मी पाच-सहा मारल्या.

रिक्षात भाचीने इतिहास सांगितला. कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोडोकान काढलं. तिथले मित्सुयो माएदा देश फिरत 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि बेलेम गावी कार्लोस ग्रेसी या मुलाला त्यांनी विद्या दिली. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ, म्हणून त्याने ताकदीपेक्षा तरफेवर भर दिला, असं ग्रेसी घराण्यात सांगतात. मामापणाला जागून मीही भर घातली, की रवींद्रनाथांनी 1905 मध्येच जिउजित्सू शिकवायला जपानहून सानो नावाचे शिक्षक शांतिनिकेतनात आणले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो. नाशिकपासून साठेक किलोमीटर. गडावर पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, पण माझी मान आणि बरगड्या आदल्या संध्याकाळचा हिशेब मागत होत्या. 2018 पासून तिथे रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, तिच्यात बसलो.

वर जाताना बहिणीला बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन आडदांड मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली आणि ते याच गडावर येऊन राहिले. कोणी म्हणतं त्यांना मारुतीने दृष्टांत दिला, कोणी म्हणतं झाडांवरची माकडं पाहून त्यांना युक्ती सुचली. लाकडी खांबाला विळखे घालून त्यांनी सराव केला, परत जाऊन त्या मल्लांची मस्ती जिरवली, आणि महाराष्ट्राला मल्लखांब मिळाला.

"खांबच तो," मी म्हणालो. "त्याला पायांनी आवळायचं. पोरगी माणसाला आवळते, एवढाच फरक."

"बाळंभट पुरुष होते," बहीण म्हणाली.

भाची काही बोलली नाही. दर्शनाच्या रांगेत मात्र आईच्या कानाशी लागून तिने विचारलं, "आई, देवीच्या अठरा हातांत काय काय आहे गं?" बहीण मोजू लागली. त्रिशूळ, चक्र, शंख, गदा, धनुष्य, तलवार... निम्म्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने लेकीला एक चिमटा काढला.

उतरताना तिने मला बाजूला घेतलं. "मग सांगितलंस का तिला?"

"सांगितलं."

"काय?"

"पुण्यात राहायच्या जागेजवळ असा क्लास आहे का, ते आधी बघ म्हटलं."

बहीण नाशिकपर्यंत माझ्याशी बोलली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. चष्मा नाकावर ओढून ती त्या जाड डगल्याची उसवलेली बाही दुहेरी दोऱ्याने शिवत होती.

"कापड बाकी दणकट आहे हो," ती म्हणाली. "सुईच जात नाही."