चौरंग

आमच्याकडे चिकू नावाचा एक कुत्रा आहे. डॅक्सहुंड जातीचा, लांबट पाठीचा, आखूड पायांचा, पिकल्या चिकूच्या सालीसारख्या रंगाचा. सहा वर्षांत तो कोणावर गुरगुरल्याचे मला आठवत नाही. दूधवाल्याच्या पायांत घोटाळणे आणि संध्याकाळी झोपाळ्यावर माझ्या शेजारी येऊन बसणे, हा त्याचा नित्यक्रम. त्यामुळे मागच्या मार्गशीर्षातील एका सकाळी जे घडले, त्याचा अर्थ लावायला आम्हांला वेळ लागला.

त्या सकाळी दूधभाकरीच्या ताटलीत त्याने तोंड घातले आणि कोणी चटका द्यावा तसा तो केकाटला. अन्न तसेच टाकून तो पलंगाखाली अगदी भिंतीला चिकटून बसला. काय झाले ते पाहावे म्हणून मी वाकून हात पुढे केला. क्षणार्धात त्याचे दात माझ्या तळहातात रुतले.

घर हादरले. मुलांना दुसऱ्या खोलीत नेले. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, ‘‘कुत्रं पिसाळलं असेल. बांधून घाला आणि दूर ठेवा.’’ चिकूला रेबीजची लस दरवर्षी नियमित दिलेली होती. तरीही मी वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुतली आणि डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शने सुरू केली. हाताला फारशी इजा नव्हती. मनाला मात्र ते लागले होते. ज्याला घासातला घास दिला, तोच उलटला, अशी एक कडवट भावना दिवसभर मनात घोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी त्याला तपासले. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला त्यांनी सांगितलेच. पण त्यांचा संशय निराळा होता. प्रथम त्यांनी त्याला हातही लावला नाही. त्याला जमिनीवर ठेवून ते नुसते पाहत राहिले. चिकूची मान खाली आखडलेली होती, पाठीला किंचित बाक आला होता आणि आवाजाच्या दिशेने तो मान वळवत नव्हता, फक्त डोळे फिरवत होता. मग त्यांनी मला विचारले, ‘‘पायऱ्या चढतो का? उंचावर उडी मारतो का?’’ तेव्हा मला आठवले की, आठ-दहा दिवसांपासून तो झोपाळ्यावर आला नव्हता. पायरीशी येऊन परत फिरत होता. थंडीमुळे आळसावला असेल, असे म्हणून मी ते सोडून दिले होते.

मानेच्या दोन मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. या जातीत हा विकार वरचेवर आढळतो. बिज्जूच्या बिळात शिरता यावे म्हणून जर्मनीत ही जात जोपासली गेली. ज्या ठेंगणेपणाचे आपल्याला कौतुक वाटते, त्याच्याशीच मणक्यांतील चकत्या लवकर कठीण होण्याचा दोष निगडित आहे. पशुवैद्यांनी औषधे दिली, काही आठवडे सक्त विश्रांती सांगितली आणि पाय लटपटू लागले किंवा लघवी अडली तर क्षणाचाही विलंब न करता आणण्यास बजावले. आदल्या रात्री मी माझ्या गुडघेदुखीची अर्धी गोळी त्याला देण्याच्या बेतात होतो, हेही मी त्यांना सांगून टाकले. माणसांच्या अशा गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, हे ऐकून अंगावर काटा आला.

निघताना ते म्हणाले, ‘‘गळ्यातला पट्टा काढा आणि ताटली उंचावर ठेवा. खाली वाकले की त्याला कळ येते.’’

घरी येऊन मी माळ्यावरचा बुटका चौरंग काढला. त्यावरची धूळ पुसली, ताटली ठेवली. चिकू सावकाश पुढे आला आणि मान न वाकवता खाऊ लागला. त्या क्षणी मला आबांची आठवण झाली.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर पाटावर बसून जेवले. शेवटच्या वर्षात मात्र ते जेवताना चिडू लागले. भाजीला चव नाही, भाकरी कच्ची आहे, असे काहीतरी निमित्त काढून ताट दूर सारत. नातवंडे अंगाला बिलगली की खेकसत. ‘म्हातारपणी स्वभाव बदलला,’ असे आम्ही एकमेकांना समजावले आणि मुलांना त्यांच्यापासून जरा लांबच ठेवले. एकदा मी त्यांना म्हणालो, ‘‘जेवायचे नसेल तर तसे सांगा, आबा, पण अन्नाचा अपमान करू नका.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते भिंतीला धरून उठले. काही महिन्यांनी ते न्हाणीघरात पडले, तेव्हा क्ष-किरण तपासणीत कळले की, हाडे ठिसूळ होऊन पाठीचे दोन मणके पूर्वीच खचलेले होते. ‘‘यांची पाठ कधीपासून दुखते आहे?’’ डॉक्टरांनी विचारले. आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. ज्याला दुखते त्याला ते जाणवतेच. प्रश्न असतो तो जवळच्यांनी जाणण्याचा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा शब्दांत सांगणे हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक मार्ग आहे आणि सांगता न येणाऱ्या माणसालाही, प्राण्यालाही वेदना असू शकते, हे स्पष्टपणे नोंदवले. चिकूला भाषा नव्हती. आबांना होती, परंतु दुखण्याचा उच्चार करणे त्यांच्या पिढीतील पुरुषांना कमीपणाचे वाटे. दोघांनीही जे सांगायचे ते वागण्यातून सांगितले आणि दोन्ही वेळा आम्ही त्याला स्वभाव म्हटले.

सहा आठवडे चिकू जाळीच्या कप्प्यात राहिला. त्याला उचलताना छातीला आणि मागच्या भागाला एकाच वेळी आधार द्यायला मी शिकलो. रोज संध्याकाळी मी कप्प्याशेजारी नुसता बसत असे; हात पुढे करत नसे. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्याने आपण होऊन जाळीतून नाक माझ्या बोटांना लावले. आता तो अंगणात हिंडतो. मात्र मागून कोणाचा हात आला की अजूनही दचकून गुरगुरतो. म्हणून आम्ही सारे आधी त्याला हाक मारतो, समोर येतो आणि मगच हात लावतो.

चौरंग मात्र पुन्हा माळ्यावर गेलेला नाही. कुत्र्याची ताटली चौरंगावर पाहून पाहुणे हसतात, कारण विचारतात. ‘‘त्याची मान दुखते,’’ एवढेच मी सांगतो. एवढे एक वाक्य आबांच्या बाबतीत मला वेळेवर म्हणता आले नाही.