पुसलेलें पाणी

आमच्या घरीं पिढीजात चालत आलेली एक कट्यार आहे. तिच्या पात्यावर वाहत्या पाण्यासारख्या फिकट नागमोडी रेषा होत्या. जाणते लोक त्यांस जौहर म्हणत. होत्या असें म्हणण्याचें कारण, एका दसऱ्यास आम्हीच ती मळलेली समजून एका कारागिराकडून यंत्राच्या चाकावर लखलखीत करून आणिली. पातें आरशासारखें झालें आणि रेषा नाहींशा झाल्या. दादांनीं ती पाहिली आणि एक शब्दहि न बोलतां म्यानांत घातली. तें न बोलणें आम्हांस फार दिवस बोंचलें.

त्या बोंचणीपायीं आम्ही पोलादाविषयीं वाचूं लागलों आणि वाचतां वाचतां एका रशियन मासिकापाशीं येऊन पोंचलों. 'गोर्नी झुर्नाल', म्हणजे खाणकामाचें नियतकालिक, सेंट पीटर्सबर्ग येथें १८२५ सालीं निघालें व अद्यापि चालू आहे. रशियन लिपीपुढें आम्ही केवळ निरक्षर. इंग्रजीच्या खांद्यावर बसून दिसलें तेवढेंच आमचें.

१८४१ सालीं त्यांत पावेल अनोसोव याचा बुलातांविषयींचा प्रबंध आला. बुलात आणि आपलें पोलाद हे शब्द एकाच फारसी घरचे. अनोसोव हा उरल पर्वतांतील झ्लातोउस्तच्या कारखान्यावरचा अधिकारी. हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारींवर ही नक्षी येते कोठून, या एकाच कोड्यास त्यानें दहा वर्षांहून अधिक काळ वाहिला. १८३१ सालीं त्यानें पोलाद सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें. मुशींत सोनें, रुपें, प्लाटिनमसुद्धां घालून पाहिलें. (सरकारी पैशानें प्रयोग करण्याचें सुख निराळेंच!) शेवटीं ठरलें तें असें कीं, या किमती धातूंचा कांहीं संबंध नाहीं, लोखंड, कार्बन आणि मूस सावकाश निवतांना बनणारे स्फटिक, यांतच सर्व आलें.

आणि हें त्यानें छापून टाकिलें. तेलंगणांतील कोनसमुद्रम् सारख्या गांवांचें पोलाद इराणपर्यंत जात असे. परंतु तेथील विद्या हातांतून हातांत गेली आणि हात रिकामे झाले तेव्हां संपली. आपल्या लोकांनीं विद्या लपविली असें आम्हीहि पूर्वीं तावातावानें म्हणत असूं. आतां तसें म्हणवत नाहीं. अनोसोवापाशीं पगार होता आणि छापखाना होता. भट्टीपुढें बसणाऱ्याच्या हातीं लेखणी दिली होती कोणीं?

एक गोष्ट मात्र आमच्या उपयोगाची निघाली. नक्षी पात्याच्या वर काढलेली नसते, अंगांतच असते. घांसल्यानें ती जात नाहीं, दिसेनाशी होते. आम्लानें भोंवतालचें पोलाद काळवंडतें आणि कठीण कण पांढरे राहतात. आम्ही दादांस हें सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत, पण संध्याकाळीं म्यान घेऊन ओटीवर आले. मुठीजवळ बोटभर जागा राखेनें स्वच्छ करून आम्ही तीवर लिंबाचा रस लाविला. दादांनीं कंदील जवळ आणिला. बऱ्याच वेळानें त्या काळवंडीत केसाएवढ्या दोन पांढऱ्या रेषा दिसल्या.

"बाकीचें उद्यां," दादा म्हणाले, आणि आंतून आणखी एक लिंबू मागविलें.