माझा जपान आणि त्यांचा

जपानी शिकायला येणाऱ्या मुलांच्या मी बरीच वर्षं मनातल्या मनात दोन रांगा करत आले. एका रांगेत नोकरीसाठी येणारे, भाषेच्या ओढीनं येणारे, हायकू किंवा कुरोसावाचे सिनेमे यांच्यामुळे येणारे. दुसऱ्या रांगेत अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपट बघून आलेले. पहिल्यांना मी विद्यार्थी समजत असे आणि दुसऱ्यांना ‘वीब’. हा शब्द मी वर्गात कधी उच्चारला नाही, पण शिक्षकांच्या खोलीत आम्ही तो सर्रास वापरायचो. आता मी तो वापरत नाही. असं का झालं हे लिहून काढावंसं वाटलं, कारण प्रश्न एका शब्दापुरता राहिला नाही. मी स्वतः कोणत्या जपानवर प्रेम करत होते, हेही त्यात तपासावं लागलं.

‘वीआबू’ किंवा ‘वीब’ हे लेबल जपाननं दिलेलं नाही. २००५ च्या सुमाराला अमेरिकन मुलांनी इंटरनेटवर आपल्यातल्याच जपानप्रेमी मुलांना हिणवायला एका चित्रपट्टीतला निरर्थक शब्द उचलला, तो हा. जपानमध्ये त्यांचा स्वतःचा शब्द आहे, ‘ओताकू’. नाकामोरी आकिओ या लेखकानं १९८३ मध्ये एका मांगा म्हणजे चित्रकथांच्या मासिकातल्या सदरात तो चेष्टेनं वापरला. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात पकडलेल्या तरुणाच्या खोलीत हजारो व्हिडिओ टेप सापडल्या, तेव्हा हा शब्द सगळ्या देशात भीतीचा झाला. पुढे त्याची धार बोथट झाली आणि आज जपानमध्ये कुणी रेल्वेचा ओताकू असतो, कुणी कॅमेऱ्याचा. म्हणजे जपान्यांनी आपल्या शब्दाशी हळूहळू जुळवून घेतलं, आणि आम्ही मात्र पुण्यात बसून, अमेरिकन मुलांनी एकमेकांना दिलेली शिवी आपल्या मुलांना लावत होतो.

माझ्या जुन्या मताला कारणं नव्हती असं नाही. मी जपानी शिकले तेव्हा ती भाषा पोटापाण्याची होती. कारखान्यात इंटरप्रिटर म्हणून उभं राहायचं, एका बाजूला जपानहून आलेले तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला आपले सुपरवायझर, मध्ये मशीनचा आवाज. आदरार्थी रूप एका जागी चुकलं की समोरच्या वयस्क माणसाचा चेहरा बदलायचा. ते सगळं मी घासून घासून शिकले होते. मग वर्गात एखादा मुलगा यायचा, त्याचे उच्चार माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांहून चांगले असायचे, आणि सरावाच्या मुलाखतीत तो साठीच्या माणसाला ‘ओमाए’ म्हणायचा. आपल्याकडे सासऱ्यांना ‘ए, तू’ म्हणावं तसं. अ‍ॅनिमेतले नायक तसंच बोलतात, त्याला दुसरं ठाऊक नसायचं. मला राग यायचा. आम्ही एवढ्या कष्टानं मिळवलेल्या विषयाला या मुलांमुळे पोरकटपणाचा शिक्का बसेल, ही भीती त्या रागाच्या खाली होती.

२०१९ च्या जुलैत क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओला एका माणसानं आग लावली. ३६ माणसं गेली. बहुतेक तरुण चित्रकार, त्यांत बऱ्याच मुली. दुसऱ्या दिवशी वर्गात आले तर मागच्या बाकांवरची मुलं गप्प होती. एक मुलगी रडत होती. त्यांना दिग्दर्शकांची नावं माहीत होती, कोणत्या चित्रपटातलं पाणी कुणी काढलं हे माहीत होतं, ज्यांचा अजून पत्ता लागलेला नव्हता त्यांच्या बातमीची ती वाट बघत होती. मी जपानीची शिक्षिका, आणि त्या स्टुडिओचं नाव मी आदल्या दिवशी बातमीत पहिल्यांदा वाचलं होतं. क्योतोतल्या कामगार माणसांसाठी पुण्यात कुणी रडत असेल तर ते प्रेम खोटं कसं म्हणायचं? त्या दिवशी मी पाठ घेतला नाही. मुलं बोलत होती, मी ऐकलं.

तरीही माझं मत पुरतं बदललं ते पुढे, एका व्याख्यानानंतर.

‘जपानकडून काय शिकावं’ हा विषय आपल्याकडच्या व्याख्यानमालांमध्ये फार चालतो. मीही त्यावर पुष्कळ बोलले आहे. शाळेतली मुलं स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात. गाडी उशिरा आली तर रेल्वे प्रवाशाला तसा दाखला देते. हरवलेलं पाकीट पोलीस चौकीत परत मिळतं. यातलं काहीही खोटं नाही. कोणत्या वाक्याला टाळ्या येतात हेही मला कळलं होतं. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर माझीच एक विद्यार्थिनी जवळ आली. ‘कोए नो काताची’ हा चित्रपट तिनं कितीतरी वेळा पाहिला होता. तो २०१६ चा, त्याच क्योतो अ‍ॅनिमेशननं बनवलेला. त्यात शोको नावाची एक कर्णबधिर मुलगी आहे, वर्गातली मुलं तिची कानातली यंत्रं काढून फेकून देतात, शेवटी तिला शाळा सोडावी लागते. माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सेन्सेई, ती मुलंसुद्धा वर्ग झाडत असतील ना? मग तुम्ही सांगितलेली शिस्त आणि ती शिस्त एकच का?”

मला उत्तर माहीत होतं. सगळ्यांनी एकसारखं असावं हा जो दाब वर्ग स्वच्छ ठेवतो, तोच वेगळ्या मुलाला बाहेर काढतो. चित्रपटातही सगळा वर्ग मिळून छळतो आणि प्रकरण उघड झाल्यावर सगळा दोष एका मुलावर टाकून मोकळा होतो. जपानमध्ये यावर आयुष्यभर काम करणारे शिक्षक आहेत, कायदा आहे. मी हे वाचलं होतं. वाचलं कशाला, मी पाहिलंही होतं. कारखान्यात रात्रीच्या पाळीत माझ्याबरोबर थांबणाऱ्या एका जपानी इंजिनिअरनं मला सांगितलं होतं, की मुलगी जागी असताना घरी पोचल्याचं त्यांना आठवत नाही. अतिकामानं येणाऱ्या मरणाला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे, ‘कारोशी’, आणि ते रोखण्यासाठी २०१४ मध्ये त्यांना कायदा करावा लागला. यातलं एक अक्षरही मी व्यासपीठावरून कधी बोलले नव्हते. श्रोत्यांना जो जपान हवा होता तो मी देत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही तोच हवा होता. त्या जपानच्या जोरावर माझी भाषा, माझी वर्षं, माझे कष्ट मोठे दिसत होते.

ती मुलगी मात्र त्या देशाचं दुःख बघून त्याच्यावर प्रेम करत होती. ‘होतारु नो हाका’ हा १९८८ चा चित्रपट बघून या मुलांना कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर उपाशी मेलेली भावंडं ठाऊक झाली. नाकाझावा केइजी स्वतः लहानपणी हिरोशिमाच्या स्फोटातून वाचले आणि १९७३ पासून त्यांनी ‘हादाशी नो गेन’ ही मांगा काढली. ती वाचलेल्या मुलाला त्या काळचे युद्धखोर शेजारीही माहीत असतात, फक्त बॉम्ब नाही. खोलीबाहेर न पडणारी मुलं, परीक्षांचा जाच, एकट्यानं मरणारी म्हातारी माणसं, हे सगळं अ‍ॅनिमेत आणि मांगात आहे, कारण ती जपान्यांनी जपान्यांसाठी काढलेली आहे. परदेशी पाहुण्यांसाठी ती मांडून ठेवलेली नाही.

आता आपल्या घराघरातल्या जपानकडे बघू या. ‘इकिगाई’ हे पुस्तक मराठीतही खूप खपलं. ते लिहिलं दोन स्पॅनिश लेखकांनी. फुटलेल्या भांड्याला सोन्यानं सांधायची कला म्हणजे किन्त्सुगी, हे प्रेरणादायी भाषणात ऐकलेल्या लोकांपैकी किती जणांनी तसं एखादं भांडं जवळून पाहिलं असेल? कारखान्याच्या भिंतीवर फाइव्ह एस या जपानी कार्यपद्धतीची पाटी लावणाऱ्या साहेबाला, जपानी माणूस शिस्तप्रिय, नम्र, कष्टाळू असं म्हणणाऱ्या निवृत्त गृहस्थांना कुणी लेबल लावत नाही. त्यांचा जपान सबंध कल्पनेतला असला तरी तो अभ्यास ठरतो. चोवीस भागांची मालिका मूळ भाषेत, शब्दकोश जवळ ठेवून बघणारी सतरा वर्षांची मुलगी मात्र नादावलेली ठरते. लेबल चुकीच्या माणसाला चिकटलं होतं. मी त्या गृहस्थांच्या बाजूला बसलेली होते.

मग मी ज्यांना थोर मानत आले त्यांच्याकडे पुन्हा वळले. व्हॅन गॉगनं जपान कधी पाहिला नाही. पॅरिसमध्ये त्यानं शेकड्यांनी उकियो-ए छापचित्रं गोळा केली, १८८७ मध्ये हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली, आणि पुढच्या वर्षी आर्लला गेला तो तिथं आपला जपान सापडेल म्हणून. ही छापचित्रं एदोत म्हणजे जुन्या तोक्योत काय होती? काबुकीतले नट, सुमो पैलवान, गणिका यांची स्वस्तातली चित्रं, एक वाडगा सोबाच्या किमतीत मिळणारी, पोरांनी भिंतीवर लावायची. जपानी साहित्याचे अभ्यासक डोनाल्ड कीन यांनी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या दुकानात ‘गेन्जी’ या अभिजात जपानी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर घेतलं ते ४९ सेंटला, स्वस्त मिळतंय म्हणून. त्या भाषांतराचे कर्ते आर्थर वेली जपानला कधीच गेले नव्हते. कीन पुढे युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिशा वाचत बसले, आणि आयुष्यभर जपानी साहित्य शिकवलं. २०११ च्या भूकंपानंतर परदेशी माणसं देश सोडत होती तेव्हा त्यांनी तिथं कायमचं राहायचं ठरवलं आणि २०१२ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, जपानचं नागरिकत्व घेतलं.

लाफकाडिओ हर्न यांच्याबद्दल तर मी वर्गात तोऱ्यात बोलत असे, की हा स्वप्नाळू माणूस. लेफकादा या ग्रीक बेटावर जन्मलेले हर्न १८९० मध्ये जपानला आले आणि मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. तिथं एका दरिद्री झालेल्या सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी त्यांचं लग्न झालं. १८९६ मध्ये ते जपानी नागरिक झाले, कोइझुमी याकुमो या नावानं. त्यांना जपानी पुस्तकं नीट वाचता येत नव्हती. सेत्सु जुन्या भुताखेतांच्या गोष्टी शोधून आणायच्या आणि सांगायच्या. हर्न यांची अट अशी, की पुस्तकातून वाचायचं नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नवराबायको दोघंच जाणतील अशा मोडक्या जपानीत हे चालायचं. त्यातून १९०४ मध्ये ‘क्वायदान’ आलं, आणि त्याच वर्षी ते गेले. आज जपानी मुलं ‘कान नसलेला होइची’ वाचतात ती बहुतेक या परदेशी माणसाच्या इंग्रजीतून परत आलेली. हर्न यांना नवा, कारखान्यांचा जपान आवडला नाही, जुन्यासाठी त्यांचा जीव तुटायचा. तो त्यांचा कमीपणा मी धरून बसले होते. पण सुशिक्षित जपानी ज्या गोष्टींची त्या काळी लाज बाळगत होते त्या ऐकायला हा माणूस एका बाईसमोर रात्र रात्र बसला, हे मी बघितलंच नव्हतं.

आपल्या बाजूनं विचार केला असता तर हे समजणं सोपं होतं. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांबरोबर हिंडले, खंडोबा-बिरोबाच्या ओव्या गोळा केल्या. फुकाझावा हिरोशी या जपानी इतिहासकारानं पेशवाईतल्या मराठी कागदांवरून दख्खनच्या गावगाड्याचा अभ्यास केला. आपण त्यांना आपले मानतो. हा अधिकार तुम्हाला कुठून मिळाला, असं त्यांना विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

काही गोष्टींवर माझं मत तेच आहे. ‘ओमाए’ मी आजही खोडते. जपानी मुली आज्ञाधारक असतात, तशी बायको हवी, असं म्हणणारा मुलगा अधूनमधून भेटतो, त्याला मी समोर बसवून बोलते. पण ती कल्पना अ‍ॅनिमेनं जन्माला घातलेली नाही. पुच्चिनीचा ‘मादाम बटरफ्लाय’ हा ऑपेरा १९०४ चा आहे आणि तो युरोपातल्या सर्वात प्रतिष्ठित नाट्यगृहांत वाढला.

व्याख्यानानंतर प्रश्न विचारणारी ती मुलगी आता जपानमध्ये वृद्धांच्या निवासात काम करते. २०१९ पासून तिथं परदेशी कामगारांना जो कुशल कामाचा व्हिसा मिळतो, त्यावर ती गेली. काम कठीण आहे. माणसांना उचलायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, आणि रात्रपाळी. तिनं फोनवर सांगितलं, की तिथल्या एका आजींना तिनं लहानपणी हिंदीतून ‘डोरेमॉन’ बघितल्याचं सांगितलं. आजी म्हणाल्या, ज्यात ‘डोरेमॉन’ यायचं ते मासिक त्या आपल्या मुलासाठी दर महिन्याला आणायच्या, मुलगा आता लांब असतो. तेव्हापासून आजी जेवताना हिलाच बोलावतात. तिची तिथल्या व्यवस्थेबद्दल तक्रारही आहे. माणसं कमी, पाळ्या लांब, आणि तक्रार केली की सगळे गप्प होतात. ती हे सगळं एकाच दमात सांगते, आजींबद्दलची माया आणि पाळ्यांबद्दलचा संताप.

यंदाही एका व्याख्यानमालेचं आमंत्रण आलं आहे, विषय नेहमीचाच. मी त्यांना कळवलं आहे, की मी जपानी शाळेबद्दल बोलेन, वर्ग झाडण्याबद्दल आणि शोकोबद्दल, आणि तासातला अर्धा वेळ माझे दोन विद्यार्थी बोलतील, अ‍ॅनिमे बघून आलेले. त्यांचं उत्तर यायचं आहे.