गाडीची थरथर

रमजान ईदच्या आधी गाडीला पुढचे दोन टायर नवे घातले आणि ईदनंतर दहा-बारा दिवसांनी थरथर सुरू झाली. अम्मीला महिन्यातून एकदा कराडहून मिरजेला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. हमरस्त्यावर काटा 75 च्या पुढे गेला की स्टेअरिंग हातात कापायला लागायचं. 85 ला सगळ्यात जास्त, आणि 100 च्या जवळ गेलं की पुन्हा कमी. मागच्या सीटवरून माझा चेहरा बघून अम्मी म्हणाली, "बेटा, गाडीला थंडी वाजते की तुला?"

टायर नवे, थरथर नवी. म्हणजे चूक टायरवाल्या चाचांची. एवढं ठरवायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. बरं, ते मी मनातही ठेवलं नाही. घरी जेवताना बोललो, शाळेत शिक्षकांच्या खोलीत बोललो. "बॅलन्सिंग न करताच पैसे घेतले असणार," असं अगदी छातीठोकपणे. ज्या माणसाबद्दल बोलत होतो, त्याच्या दुकानात जाऊन विचारावं, हे मात्र सुचलं नाही. उलट दुसऱ्याच गॅरेजला गेलो. तिथे इंजिनाचं माउंटिंग बदललं. पैसे गेले, थरथर राहिली.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक हे सगळं ऐकत होते. एक दिवस म्हणाले, "सर, मुलाने आधी उत्तर लिहिलं आणि मग त्याला जुळेल अशी रीत लिहिली, तर तुम्ही मार्क देता का?" मी भाषेचा माणूस. उर्दू आणि मराठी शिकवतो, गणिताशी माझं दुरूनच सलाम-दुआ. पण मुद्दा कळला. त्यांनी कागद ओढून हिशेब मांडला. माझ्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण 1.85 मीटर. म्हणजे 85 च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ 13 वेळा फिरतं. चाक कुठे जड किंवा वाकडं असेल, तर सेकंदाला 13 हिसके. झोपाळ्याला नेमक्या तालावर हात लावला की तो उंच जातो. ताल चुकला की नाही जात. गाडीचंही तसंच, म्हणून 85 ला जोर आणि पुढे कमी.

मग रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर मी रीतीने बघायला घेतलं. मुलगा सोबत होता. वीस वर्षांचा आहे, लायसन्स आहे, कधीमधी गाडी नेतो. आधी गाडी उभी ठेवून इंजिन 85 ला असतं तेवढं फिरवलं. थरथर नाही. मग 85 चा वेग चौथ्या गिअरमध्ये ठेवला, पाचव्यातही ठेवला. इंजिनाचे फेरे बदलले, थरथर तीच. म्हणजे इंजिन निर्दोष, आणि माउंटिंगचे पैसे वाया. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर वाढत नव्हती. वाढली असती तर ड्राइव्ह शाफ्टकडे बघावं लागलं असतं. ब्रेक हलके लावले तर पॅडल पायाला मागे ढकलत नव्हतं, म्हणजे डिस्कही ठीक. उरली चाकं. थरथर सीटला नाही, हाताला लागत होती, म्हणून पुढची.

पुढचं कुठलं? यासाठी चाकं बदलून बघायची. घाम काढणारं काम आहे, पण याच्याइतकी सोपी परीक्षा नाही. स्टेपनी मध्ये घालून डावीकडचं पुढचं चाक मागे लावलं, मागचं पुढे. फरक नाही. मग उजवीकडचं तसंच केलं. 85 ला स्टेअरिंग एकदम शांत! मुलाला मागे बसवलं होतं. विचारलं, "तुला काही लागतंय?"

"हो. सीटखाली." आवाज इतका बारीक की मला पुन्हा विचारावं लागलं. तेव्हा मी माझ्याच खुशीत होतो. चोर सापडला होता, आणि तो चाचांनीच बसवलेला होता.

तडक त्यांच्या दुकानात गेलो. सलामसुद्धा कोरडाच केला. चाचांनी काही न बोलता चाक काढलं, मशीनवर चढवलं आणि फिरवलं. बाहेरची कड सरळ. मग त्यांनी मला मशीनच्या मागच्या बाजूला बोलावलं. रिमची आतली कड फिरताना एका जागी आत-बाहेर नाचत होती.

"सर, हा खड्ड्याचा मार आहे. माझ्याकडून गेली तेव्हा ही रिम सरळ होती, बसवल्यावर इथंच फिरवली होती. आता पट्ट्या लावून मशीन शून्य दाखवील, पण वाकडी रिम वाकडीच फिरणार."

मी तोंड उघडणार, इतक्यात मागून आवाज आला, "अब्बा, माझ्याकडून झालं."

साताऱ्याहून रात्री परत येताना वळणरस्त्यावर खड्डा चुकला होता. धाडकन आवाज झाला, पण टायर फुटला नाही, म्हणून काही झालं नसेल असं त्याला वाटलं. मी विचारलं, "मग थरथर सुरू झाल्यावर का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. पण त्याच दिवशी जेवताना तुम्ही चाचांचं नाव घेतलंत. मग रोजच घेत होतात. मग नाही सांगता आलं."

त्याला रागवायचं होतं, पण शब्द सापडेना. चाचांकडे वळून म्हणालो, "चाचा, माफ करा. मी तुमच्याबद्दल बरंच बोललो, तेही चार लोकांत."

ते रिमवरून टायर उतरवत होते. मान वर न करता म्हणाले, "कळलं होतं, सर. तुमच्या शाळेतल्या दोन गाड्या यायच्या बंद झाल्या."

बदगुमानी या शब्दाचा अर्थ मी वर्गात कितीतरी वेळा सांगितला आहे. त्या दिवशी तिची किंमत दोन गिऱ्हाइकं निघाली.

नवी रिम घातली. पैसे मुलाने त्याच्या शिकवणीच्या कमाईतून द्यायचा हट्ट धरला, अर्धे घेतले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, जिथे बोललो होतो त्याच खोलीत, सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. एक सहकारी त्याच आठवड्यात चाचांकडे जाऊन आले. दुसरे म्हणाले, "असू द्या हो सर, आता दुसऱ्या दुकानाची सवय झाली." त्यांना मी अजून दर महिन्याला आठवण करून देतो.