श्वासाची जागा

आमचा गायक गेला त्याला येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. बावीस वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला उभा राहून गिटार वाजवली. आता तिथे चोवीस वर्षांचा मुलगा गातो, सुरेख गातो, आणि मी अजून एकाच ठिकाणी अडकतो.

आमच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीआधी जुना गायक श्वास घ्यायचा. मोठा, माइकवर ऐकू येणारा. तेवढ्या अर्ध्या बीटमध्ये मी तळवा तारांवर टेकवून रिफ बंद करायचो. आम्ही हे कधी ठरवलं नव्हतं, त्याच्या छातीने ठरवलं होतं. नवा मुलगा दोन्ही ओळी एका दमात गातो. माझा तळवा मात्र तिथेच पडतो आणि त्याचा शब्द मध्येच उघडा पडतो. घरी मेट्रोनोम लावून शंभरदा वाजवलं तरी चुकत नाही. जॅमरूममध्ये तो शेजारी उभा राहिला की हात पुन्हा तेच करतो.

"दादा, मी तिथे श्वास घेऊ का?" त्याने एकदा विचारलं. मी नको म्हटलं. दुसऱ्याचा श्वास त्याने का घ्यावा?

एसी/डीसी बँडचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये गेला आणि ब्रायन जॉन्सनला घेऊन केलेला 'बॅक इन ब्लॅक' अल्बम २५ जुलैला बाहेर आला. जेमतेम पाच महिने. लोक नव्या गळ्याचं कौतुक करतात. मी त्यांच्या गिटारिस्टचा, माल्कम यंगचा उजवा हात ऐकत बसतो. शीर्षकगीताचा रिफ म्हणजे ई, डी, ए, आणि मध्ये मोकळ्या जागा. त्या जागा रिफच्याच आहेत, कुणा गायकाच्या नाहीत. म्हणून जॉन्सन तिथे बॉनची नक्कल न करता उभा राहू शकला, असं माझं मत आहे. माझ्या रिफमधल्या जागा आमच्या गायकाच्या होत्या, आणि मी इतकी वर्षं त्या माझ्या समजत होतो.

गेलेल्या गायकाचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावून खाली वाजवणारे बँड मला सहन होत नाहीत. कानात क्लिक घालून वाजवणारेही नाहीत. क्लिक कुणाच्याच श्वासासाठी थांबत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमचा गायक गेल्यानंतरच्या पहिल्या प्रोग्रॅमला ओळखीचं कुणीतरी म्हणालं, "आज तुझी गिटार स्वच्छ ऐकू आली." मला आनंद झाला. दोन दिवस पुरला तो. वर्षानुवर्षं साउंडचेकला तो पाणी प्यायला गेला की मी मिक्सरवाल्याला माझा आवाज थोडा वाढवायला सांगायचो. त्याला ते ठाऊक होतं. तो कधी बोलला नाही.

गेल्या आठवड्यात नव्या मुलाने ते श्वासाचं गाणं यादीतून काढू या असं सुचवलं, माझ्यासाठी. मी नाही म्हणालो. शनिवारी ठाण्यात वाजवतोय. ते गाणं तिसरं आहे.